गाडीचं तोंड

पावणे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, जागृतीचं डोकं इंजिनाच्या आधी तापतं. आज इंजिन गार झालं तरी ती लालच होती.

कालच दसरा झाला. आज नव्या घेतलेल्या जुन्या टेम्पोने पहिलं भाडं मारून ती आली, सीट उचलली, ऑईलचं झाकण फिरवलं. आत बघते तर ऑईल कसलं, टपरीचा चहा! दुधाळ, वर फेस.

"हेड गॅस्केट गेलं," विलास मेकॅनिक आरामात म्हणाला. "मधलं पॅकिंग फाटून कूलंटचं पाणी ऑईलमधी उतरलंय. इंजिन खोलायला लागंल."

"खोलायचं नाय!" ओट्यावरून तिचा बाप गोटीराम कडाडला. "मी पयलेच बोल्लो व्हतो, इंजिन खोललं का टेम्पो भंगारात. पोरीनं टेम्पो चालवायचा म्हने!"

"बाबा, तुमी गप बसा!"

विलासने बोट बुडवून हुंगलं. "गोड वास येतोय. कूलंट गोडच असतं. विषय संपला."

"मग ही बाटली बघ," जागृती तडकली. "कूलंट खुणेवर हाय, थेंब कमी नाय. रेडिएटरमधी तेलाचा तवंग पन नाय. मग उतरलं काय, तुझं डोकं?"

विलास डोकं खाजवायला लागला. जागृतीने झाकण उन्हात धरलं. आट्यांत काहीतरी तपकिरी अडकलेलं. नखाने ओढलं.

"विलासदादा, कूलंटला शेंडी असते?"

नारळाची शेंडी! घरात भांड्यांचा आवाज एकदम वाढला.

"आये!"

सखू पदराला हात पुसत दारात आली. "वरडतं कशाला? काल पूजा केली, नारल फोडला. ह्यो विलासच बोल्ला व्हता, 'मावशी, हे गाडीचं तोंड, हितून तिला पाजायचं.' मंग देवाचं पानी चाकाला पाजू? अर्धं तिला दिलं, अर्धं तुझ्या बापाला."

"मी ऑईलचं बोलत होतो," विलास पुटपुटला.

सगळं ऑईल काढलं, नवं ओतून धुतलं, तेही काढून परत नवं भरलं. चावी फिरवली. टेम्पो मांजरासारखा गुरगुरायला लागला. गोटीरामने कान देऊन ऐकलं, पण खोट सापडेना.

तेवढ्यात सखू नवा नारळ घेऊन बाहेर. "वाचली बाय माजी! थांब, तिला जरा..."

गोटीराम ओट्यावरून उडालाच. सीट धाडकन खाली पाडली आणि वर मांडी ठोकून बसला.

"लांब फोड! पोरीच्या गाडीला हात लावशील तं बघ!"