वेल खाली कर

नागपूरच्या लग्नात दिवाकररावांचं एका घासाकडेही लक्ष नव्हतं. जबलपुरात दुपारनंतर धुळीची आंधी येणार, असं मोबाइल सकाळपासून बजावत होता आणि सिव्हिल लाइन्समधल्या त्यांच्या अंगणात, मांडवावर, अकरा घड लटकत होते.

साधी द्राक्षं असती तर माणूस निवांत जेवला असता. ही असिर्टिको, ग्रीसच्या सांतोरिनी बेटावरची, वाइनची पांढरी जात. तिची खुबी अशी की कडक उन्हात पूर्ण पिकली, साखर भरली, तरी आंबटपणा सोडत नाही. जबलपूरच्या उन्हातही सोडणार नाही, असं उद्यान खात्यातून निवृत्त झालेले दिवाकरराव चार वर्षं सांगत होते आणि लोक हसत होते. यंदा वेल पहिल्यांदा फळली. दहा दिवसांनी नाशिकचे वाइनवाले मुरलीधरपंत पिकलेला घड चाखायला येणार होते. चव पटली तर नर्मदेकाठी दोन एकर लावायची त्यांची तयारी होती. नाही पटली, तर हसणारेच खरे.

त्या बेटावर वारा भयंकर, म्हणून तिथे वेल जमिनीलगत टोपलीसारखी गुंडाळतात. घड आत सुखरूप राहतात. हे दिवाकररावांनी घरात शंभरदा सांगितलं होतं. कुणी ऐकतंय का, हे मात्र कधी पाहिलं नव्हतं.

त्यांनी मुलीला फोन लावला. शरयू जबलपुरातच जन्मली, शिकली. नेपियर टाउनच्या एका क्लासमध्ये हिंदीतून गणित शिकवायची. मराठी तिला समजे, पण बोलताना ती अडखळे, आणि ती अडखळली की वडिलांचं डोकं फिरे.

"शरयू, आंधी येऊन राहिली. वेल खाली कर, लवकर!"

"पूरी? म्हणजे... सगळी, बाबा?"

"सगळी म्हंजे सगळी! काहून विचारून राहिली? मराठी समजत नाही का?" त्यांनी फोन ठेवला.

परतीच्या बसमध्ये त्यांचा जीव टांगणीला लागला होता. सिवनीनंतर धुळीनं समोरचं दिसेना. शरयूचा फोन लागेना. रस्त्यात जागोजागी फांद्या पडलेल्या होत्या.

फाटक उघडलं तर वेल मांडवावरच होती. घड एकही नव्हता.

तेवढ्यात शरयू परात घेऊन बाहेर आली. हातांवर ओरखडे, केसांत धूळ, चेहरा मात्र खुललेला. "एक भी नहीं छोड़ा, बाबा! आंधीच्या आधी वेल पूर्ण खाली केली."

खाली. हिंदीतलं खाली. पोरीनं वेल रिकामी केली होती.

त्यांनी एक मणी तोंडात टाकला. दात आंबले. पण कच्चं द्राक्ष कुठलंही आंबटच. त्यातून काय सिद्ध होणार? वर्षभराची मेहनत परातीत पडली होती. त्यांना रडूच आलं.

"अगं, एकदा विचारायचं तरी!"

शरयूचं हसू मावळलं. परात तिनं हळूच ओट्यावर ठेवली.

"विचारलं होतं, बाबा. तुम्ही चिडले."