सासऱ्याच्या नावाचं डोमेन

नऊ वर्षं झाली, सालकिनला स्वतःच्या दुकानाचं नाव तोंडाने घेता येत नव्हतं.

दुकान म्हणजे वेबसाइट. कोचकोर गावी तिच्या अंगणात लोकर तुडवून नमद्याचे गालिचे व्हायचे, शिरदाक, आणि त्या वेबसाइटवरून ते जर्मनी-जपानपर्यंत जायचे. वेबसाइट काढून दिली नवऱ्याने, एर्मेकने. त्याला त्या दिवशी पितृभक्तीचा उमाळा आला आणि त्याने वेबसाइटला बापाचं नाव दिलं: तेमिरकान-शिरदाक. आता किरगिझ घरातली सून सासऱ्याचं नाव घेत नाही. नावासारखे वाटणारे शब्दही घेत नाही. तेमिर म्हणजे लोखंड, म्हणून या घरातल्या बायका लोखंडाला 'कडक' म्हणत. कडक कढई, कडक खिळा. रेल्वे म्हणजे कडक वाट, पण कोचकोरला रेल्वेच नसल्यामुळे तो प्रसंग क्वचित यायचा.

एर्मेकला हे ठाऊक नव्हतं अशातला भाग नाही. पण जे आपल्याला कधी टाळावं लागत नाही ते पुरुषाच्या ध्यानात राहत नाही. मग बाजारात कुणी वेबसाइटचं नाव विचारलं की सालकिन गालिचा उलटा करून मागे शिवलेली पांढरी चिंधी दाखवायची. त्या चिंधीवर पत्ता छापलेला असे. नऊ वर्षांत विकलेल्या एकूण एक गालिच्यामागे ती चिंधी होती. फोनवर मात्र पंचाईत व्हायची. "आमच्या घरातले मोठे, मग आडवी रेघ, मग शिरदाक," असं ती सांगायची, आणि लोक बिचारे खरोखर तसंच टाइप करायचे.

पंधरा दिवसांपूर्वी बिश्केकच्या कंपनीचं पत्र आलं. वेबसाइट त्यांच्या सर्व्हरवर होती, डोमेनचं नावही त्यांच्याकडेच नोंदवलेलं. पत्रात म्हटलं होतं, आम्ही गाशा गुंडाळतोय, शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत आपापलं सामान हलवा. जे नाव तोवर कुणी सोडवून नेणार नाही ते मोकळं होईल, मग ज्याला हवं त्याने घ्यावं. यंत्रावरचे गालिचे 'हातचे' म्हणून विकणारा जुमाकादिर बाजारात टपून बसलाच होता. "वहिनी, तुम्हाला जमलं नाही तर नाव मी सांभाळीन हं," असं तो निलाजरा तोंडावर म्हणाला.

एर्मेक येकातेरिनबुर्गला टॅक्सी चालवत होता आणि फोनवर "बघू, बघू" करत होता. सालकिनने त्याचा नाद सोडला. दहा दिवस ती पोरींच्या शाळेच्या जुन्या लॅपटॉपला चिकटून बसली. पहिल्या खेपेला सगळा मजकूर नव्या सर्व्हरवर गेला, पण अक्षरांऐवजी नुसती प्रश्नचिन्हं दिसायला लागली. दुसऱ्या खेपेला अक्षरं आली, तर सहाशे बारा फोटोंपैकी एकही दिसेना. फोटोंच्या फोल्डरला कुणाला आत सोडायचं आणि कुणाला नाही हे सांगायचं राहिलं होतं. तिने ते सांगितलं, आणि सोबत फोल्डरच्या आईबापांचाही उद्धार केला. गुरुवारी सगळी वेबसाइट नव्या जागी धडधाकट उभी राहिली.

फक्त कुणाला सापडत नव्हती. नाव टाकलं की माणूस जुन्याच सर्व्हरवर जायचा. बिऱ्हाड नव्या कुरणात हलवलं, पण वाटेवरचा प्रत्येक जण पाहुण्याला जुन्याच कुरणाचा रस्ता दाखवतोय, तसली गत. रस्ता बदलायचा तर डोमेनच्या खात्यात शिरायला हवं होतं. पासवर्ड एर्मेक विसरला होता. नवा पासवर्ड मिळण्याचा आकडा मालकाच्या फोनवर येणार होता. मालक कोण, तर सासरा. या घरात गाडी, गाय, विजेचं मीटर सगळं त्याच्या नावावर. डोमेन तेवढं कसं सुटेल! त्याचा तो फोन चार वर्षांपूर्वी नदी ओलांडताना खिशातून वाहून गेला होता. आणि सासरा स्वतः सोनकुलच्या कुरणात घोड्यांपाशी होता. तिथे रेंज नाही, जाऊन-येऊन दीड दिवस.

शुक्रवारी दुपारी साडेतीन वाजता सालकिनने कंपनीला फोन लावला. पलीकडे मेरिम नावाची बाई होती. कंपनीत आता ती एकटीच उरली असावी, कारण मागे खुर्च्या ओढल्याचे आवाज येत होते.

"एजे, मालक नसतील तर दुसरं नाव दिलेलं माणूस चालेल," मेरिम म्हणाली. "अर्जात आहे बघा. बेगाइम ओमुराकुनोवा."

ही सासू. अर्जात दोन नावं हवी होती म्हणून एर्मेकने आई घातली होती. स्वतःचं किंवा बायकोचं घालण्याइतका तो बिघडला नव्हता.

"मीच ती," सालकिन आवाज घोगरा करून म्हणाली.

"बरं, आपा. हे रेकॉर्ड होतंय. मालकाचं पूर्ण नाव सांगा, मग पासपोर्टचा नंबर." मेरिम लगेच 'एजे'वरून 'आपा'वर, म्हणजे ताईवरून आईवर आली.

पासपोर्टचा नंबर सालकिनपुढे लिहून ठेवलेला होता. तिने तोंड उघडलं. समोर मांडीवर लोकर विंचरत सासू बसली होती आणि वर बघतही नव्हती. सालकिनची जीभ टाळूला जाऊन बसली ती बसली. खोटं बोलायला तिला पाच सेकंदही लागले नव्हते, पण हे पाच अक्षरी नाव येईना.

"आपा? आहात ना?"

"आहे. ते... घरातले मोठे."

मग मेरिम हसली. "एजे, तुम्ही सून आहात. सासूला आणा फोनवर. खरी सासू आणा."

खऱ्या सासूचाही काय उपयोग होता! सून सासऱ्याचं नाव घेत नाही, तशी बायको नवऱ्याचंही घेत नाही. नियमाने ज्या एका तोंडाला नाव घ्यायची परवानगी होती, तेच तोंड रिवाजाने बावन्न वर्षं बंद होतं. अंगणात नमदा कापायला शेजारच्या चौघी आल्या होत्या, पण त्याही सगळ्या याच कुळातल्या सुना. पुरुष आणि पोरं सगळी वर कुरणात. अख्ख्या गल्लीत त्या दुपारी ते नाव घेऊ शकणारा एकही जीव नव्हता, कुत्रा सोडून.

"आपा," सालकिन म्हणाली, "तुम्हाला बोलावं लागेल."

"कोणाशी?"

"कंपनीशी. त्यांना मालकाचं नाव हवंय."

"मग सांग की, घरातला मोठा."

"असं चालत नाही. खरं नाव."

बेगाइमने विंचरणं थांबवलं नाही. "मग बंद पडू दे तुझं ते दुकान. तुझ्या आधी काय गालिचे विकत नव्हते लोक?"

"विकत होते! कवडीच्या भावात!" सालकिनचा आवाज चढला. "आपा, त्या चिंध्या जगभर शिवल्यात मी. कोणी दहा वर्षांनी गालिचा उलटा करून बघेल, पत्ता टाकेल, आणि समोर जुमाकादिरचं थोबाड येईल. चालेल तुम्हाला?"

जुमाकादिरचं नाव काढल्यावर बेगाइमने कंगवा खाली ठेवला. त्याच्या आईशी तिचं जुनं वाकडं होतं. तिने फोन घेतला आणि गावसभेत बोलावं तशी ओरडली, "हां, बोल!"

"सलाम, आपा. मालकाचं पूर्ण नाव सांगा."

"एर्मेकचा बाप."

"नाव, आपा."

"आमचा म्हातारा. पांढऱ्या घोडीवाला. सगळं कोचकोर ओळखतं त्याला, कुणालाही विचार."

"मी ओळखते हो, आपा. पण हे यंत्र ऐकतंय. यंत्राला म्हातारा कळत नाही."

"मग तू घे ना नाव! तू कुठे आमची सून आहेस?"

"मी घेतलेलं चालत असतं तर दहादा घेतलं असतं. मला ना सासरा ना नवरा, दोघांनाही नावानिशी शिव्या घालून बाहेर पडलेय मी. पण तुमच्याच तोंडून हवं."

अंगणातल्या चौघी कात्र्या टाकून दाराशी आल्या होत्या. त्यातली झूपार म्हणाली, "आपा, तोंडात भाकरी धरून बोला, म्हणजे अर्धंच घेतल्यासारखं होईल." तिच्या डोक्यावर कुणीतरी टपली मारली. घड्याळात चार वाजून गेले होते.

बेगाइमने फोन मांडीवर ठेवला, हाताने झाकला. "केलिन," ती सुनेला म्हणाली, "तुला ठाऊक नाही. लग्नाच्या दुसऱ्या हिवाळ्यात आम्ही सोनकुलवर होतो. तळ्यावरचं बर्फ पातळ झालेलं. हा मधोमध चाललेला, मी काठावर. मला तडा दिसला, त्याला नाही. मी ओरडले, 'ए!' पाठीमागे तिघे होते, तिघांनी वळून बघितलं. हा सोडून. मी परत ओरडले, 'ए, ऐका!' परत तेच तिघे. आणि हा कमरेपर्यंत आत गेला. तेव्हासुद्धा मी नाव घेतलं नाही. जीव चाललेला असताना घेतलं नाही, ते आज चिंधीसाठी घेऊ?"

ही गोष्ट गल्लीत सगळ्यांनी ऐकलेली होती. घराण्याच्या अब्रूची गोष्ट म्हणून ती नव्या सुनांना सांगितली जायची. सालकिननेही एकोणीस वर्षांपूर्वी मान खाली घालून ऐकली होती. आज मात्र तिला तिचा राग आला, इतका की कान गरम झाले.

"घ्यायला हवं होतं, आपा," ती म्हणाली. "घेतलं असतं तर त्यांचा गुडघा आज धड असता. दर हिवाळ्यात तोच गुडघा तुम्ही मेंढीच्या चरबीने चोळता. नाव न घेतल्याचा गुडघा आहे तो."

असं कुणी सासूला बोलत नाही. सालकिननेही ते बोलून झाल्यावरच ऐकलं. आता म्हातारी उठेल, फोन चुलीत टाकेल, आणि मग जन्मभर टोमणे.

बेगाइम उठली नाही. गुडघा चोळणाऱ्या स्वतःच्या तळहाताकडे तिने बघितलं. मग फोन कानाला लावला आणि पुटपुटली, "तेमिरकान."

"ऐकू आलं नाही, आपा. यंत्र 'अस्पष्ट' म्हणतंय."

"तेमिरकान!"

"अजून थोडं मोठ्याने."

बेगाइमने एक श्वास घेतला. मग बर्फाच्या काठावर उभं राहून ओरडावं तशी ती ओरडली, पन्नास वर्षं उशिरा, "ते-मि-र-कान! तेमिरकान ओमुराकुनोव! हट्टी, बहिरा तेमिरकान! मागे फिर!"

बाहेर कुत्रं भुंकायला लागलं. चौघींनी एकदमच तोंडावर हात ठेवले. बेगाइमचा चेहरा लाल झाला होता आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. "अगं, गोड आहे की नाव," ती कुणाला उद्देशून नाही अशी म्हणाली.

"झालं, आपा, झालं," मेरिमचा आवाजही जरा भिजलेला वाटला. "पासपोर्टचा नंबर द्या." सालकिनने कागद पुढे धरला, सासूने आकडे वाचले. "आता खातं उघडलं. रस्ता नव्या सर्व्हरकडे वळवते. एक शेवटचं. कंपनी बंद होतेय, तेव्हा नोंद नव्याने करावी लागेल. मालक तोच ठेवायचा, की बदलायचा?"

सालकिन म्हणणार होती, तोच ठेवा. या घरात दुसरं काही कुणाच्या डोक्यात येतच नाही. पण फोन सासूच्या हातात होता.

"बदल," बेगाइम म्हणाली. "लिही. सालकिन."

सालकिनला आधी वाटलं, कुणा दुसरीला हाक मारली. एकोणीस वर्षं ती या घरात 'केलिन' होती. सून. हाक मारायची तर केलिन, रागवायचं तर केलिन, पाहुण्यांना ओळख करून द्यायची तरी आमची केलिन. आपलं नाव या म्हातारीला आठवत तरी असेल का, असं तिला कधीकधी वाटायचं आणि मग त्या विचाराचीच लाज वाटायची.

"पूर्ण नाव, आपा?"

"सालकिन. नारीनच्या बायमुरातची मुलगी. जन्म चौदा मार्च, साल एकोणीसशे शहाऐंशी. गुरुवार होता की शुक्रवार ते तिच्या आईला ठाऊक." बेगाइमने सुनेकडे न बघता सांगितलं. "आणि लिही, की गालिचे तीच करते. म्हाताऱ्याला सुईत दोरा ओवता येत नाही."

"ते लिहायला जागा नाही, आपा."

"मग तुला सांगितलं म्हणून ध्यानात ठेव."

चार वाजून त्रेपन्न मिनिटांनी मेरिमने काम झाल्याचं सांगितलं. नवा पत्ता सगळ्या जगाला कळायला दोन दिवस लागतील, ती म्हणाली, कुणाला आज दिसेल, कुणाला रविवारी, तोवर घाबरून परत काही बदलू नका, लोक घाबरतात आणि सगळं बिघडवतात. मग तिने खुर्ची ढकलल्याचा आवाज आला. तिचीही खुर्ची गेली होती बहुतेक. सालकिनने फोन ठेवला आणि तोंड लोकरीत खुपसून रडली, आणि सासू तिला म्हणाली, ती धुतलेली लोकर आहे, खारट करू नकोस.

शनिवारी वेबसाइट झूपारच्या फोनवर नवी दिसली आणि सालकिनच्या फोनवर जुनीच बंद पडलेली. एर्मेकला येकातेरिनबुर्गला काहीच दिसेना. त्याने "बघू" म्हटलं. सालकिनने काही बदललं नाही.

रविवारी दुपारी तेमिरकान कुरणातून उतरला. पांढऱ्या घोडीवरून लंगडत उतरून त्याने तिला खुंट्याला बांधलं आणि चिखलाच्या बुटांनी सरळ सारवलेल्या ओट्याकडे निघाला.

"तेमिरकान!" आतून बेगाइमने हाक मारली. "बूट काढ आधी."

म्हातारा थबकला. मग सावकाश मागे वळला आणि रिकाम्या रस्त्याकडे बघू लागला, की हा कोण तेमिरकान आपल्यामागून आला.

"थांबा, आपा," सालकिन खिडकीतून म्हणाली. "पोचायला वेळ लागतो."