उसण नव्हती ती

उस्मानपुऱ्यातल्या दवाखान्याचा जिना चढताना दिपाली तीनदा थांबली. दम लागला नव्हता, पण श्वास पुरा आत जातोय ना, हे तपासून बघायची सवयच लागली होती. पुढं सासू, बानाबाई, चौदा महिन्यांच्या तनूला कडेवर घेऊन चढत होत्या. दिपालीचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. पोरीला उचलून घेणं चार महिन्यांपासून सासूकडंच होतं आणि आताशा तनू आईकडं झेपावतही नव्हती. हात दुखतो ते सोसवत होतं. हे सोसवत नव्हतं.

चार महिन्यांपूर्वी याच खांद्यासाठी ती मुकुंदवाडीतल्या एका अ‍ॅक्युपंक्चरच्या शिबिराला गेली होती. बी.एस्सी. झालेली, गोळीच्या पाकिटावरची तारीख वाचल्याशिवाय गोळी न घेणारी बाई. पण अंगावर पाजत होती, दुखणं मारायच्या गोळ्या नको होत्या, आणि भिंतीवर फ्रेम केलेलं सर्टिफिकेट होतं. तिनं फ्रेम बघितली, आतलं वाचलं नाही. त्या माणसानं स्पिरिटच्या डबीतून सुया काढल्या. मानेजवळ खांद्यावर एक चांगली खोल घातली आणि "मुंग्या आल्या का ताई?" असं विचारत राहिला.

घरी येईपर्यंत पाठीत चमका निघायला लागल्या. श्वास घ्यावा तर बरगडीत कुणी चिमटा काढल्यासारखं.

"उसण भरली," बानाबाई म्हणाल्या.

त्यांच्या वैजापूरकडं उसणीला एकच इलाज: पायाळू माणसाची लाथ. गल्लीतले पुंजाराम पायाकडून जन्मलेले. बोलावल्याबरोबर आले. "सूनबाई, आपल्या लाथेला फी नसती बरं का," म्हणत त्यांनी दिपालीच्या पाठीला तीनदा पाय लावला. दिपालीही हसली. हसू अर्ध्यातच अडकलं.

"उतरंल आता, जरा पडून ऱ्हा," असं म्हणण्यात तीन तास गेले. नवरा, सुदर्शन, ड्यूटीवरून आला तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. सुईनं फुफ्फुसाला भोक पडलं होतं. छातीत नळी, आठ दिवस दवाखाना. तेवढ्यात तनू बाटलीवर गेली ती गेलीच. खांदा मात्र होता त्याहून आखडला.

पुढं फिजिओथेरपी झाली. हात काही बोटं वर आला आणि तिथंच थांबला. त्या फिजिओच्या बाईंनीच अ‍ॅक्युपंक्चर करणाऱ्या रूपा मॅडमचं नाव सुचवलं. सुई हा शब्द ऐकूनच दिपालीला घाम फुटला होता. पंधरा दिवस तिनं चौकशी केली. अ‍ॅक्युपंक्चर कौन्सिलच्या यादीत त्यांचा नोंदणी क्रमांक शोधला, दोनदा फोन करून तेच तेच विचारलं.

आज रूपा मॅडमनी काही बोलायच्या आधी सीलबंद पाकीट तिच्या हातात ठेवलं. "तारीख वाचा. तुमच्यासमोरच फोडणार, वापरून झाली की तुमच्यासमोरच टाकणार."

दिपालीनं तारीख वाचली. पाकीट उलटून पुन्हा वाचली.

"आता सांगा. शिबिरातून निघाल्यापासून दवाखान्यात पोचेपर्यंत काय काय झालं? काही गाळू नका."

"चार वाजता घरी आले," दिपाली म्हणाली. "मग पडून होते."

हेच तिनं मोठ्या दवाखान्यातही सांगितलं होतं.

"खोटं बोलती ती," बानाबाई एकदम म्हणाल्या. तनूनं दचकून त्यांच्या तोंडाकडं बघितलं. "म्याच उसण म्हनलं. पायाळू बोलावला. तीनदा लाथ मारायला लावली माझ्या लेकराला."

"आई, राहू द्या ना."

"काय ऱ्हाऊ द्या? चार महिने झाले, एक शब्द बोलली नाय तू. शिव्या घातल्या असत्यास तर लई बरं झालं असतं."

आपण म्हातारीला सांभाळून घेतोय, असंच दिपाली समजत होती.

रूपा मॅडम हसल्या नाहीत. सगळं लिहून घेतलं. "मावशी, भोक सुईनं पाडलं. लाथेनं नाही."

बानाबाईंनी मोठा श्वास सोडला.

"पण तीन तास गेले," मॅडम म्हणाल्या. "ते गेलेच."

बानाबाईंनी तनूला जवळ ओढलं.

"आज मी सुई लावणार नाही," त्या दिपालीला म्हणाल्या. "छातीचा नवा एक्स-रे काढा, छातीच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणा. त्यांनी हो म्हटलं तरी छातीजवळ, खांद्यावर लावणार नाही. हाताला, पायाला. फिजिओ सोडायची नाही."

"हात वर जाईल ना?"

"थोडा जाईल, असं वाटतं. पूर्ण जाईल असं मी म्हणणार नाही."

शिबिरातल्या माणसानं तीन बैठकांत खांदा मोकळा करायची हमी दिली होती. ही बाई काहीच देत नव्हती. त्या माणसानंतर पहिल्यांदाच दिपालीला कुणाचं बोलणं खरं वाटलं, आणि खरं वाटलं म्हणूनच रडू आलं.

दोघी खाली रस्त्यावर आल्या. मग दिपालीच म्हणाली, "आई, मलाही उसणच वाटली होती. मी हसले होते, आठवतंय ना?"

"तू तर शिकलेली."

"म्हणून तर दवाखान्यात सांगितलं नाही. लाज वाटली. तुमच्यासाठी लपवलं असं मीच मला सांगत होते."

बानाबाईंनी पदरानं डोळे पुसले. "चल. ऊन लागतंय पोरीला."

तनू त्यांच्या खांद्यावर झोपली होती. दिपालीनं डावा हात पुढं केला, मग मागं घेतला. झोपमोड झाली असती, आणि जागी झाल्यावर पोर पुन्हा आजीकडंच वळली असती.

रिक्षा, दुचाक्या अंगावर येत होत्या. दिपाली रहदारीच्या बाजूला झाली आणि त्या दोघींना आतल्या बाजूला घेऊन चालू लागली.