दूध सोसायटीचा रेडिओ आणि वेशीबाहेरचं भांडण

“ह्या डबड्याला काहून ठेवलंय इथं? त्यापरीस एक कॅन मावला असता.”

ही कुरकुर माझ्या अगदी कानाशी चालली होती, मित्रांनो. मी दूध सोसायटीतला जुना रेडिओ. कुरकुरणारे आमचे सचिव उत्तरेश्वर. दुष्काळानं दूध इतकं आटलं होतं की होते तेच कॅन पालथे पडलेले, तरी त्यांना अडचण माझीच.

पाटोद्याच्या बाजारातून मला आणलं तेव्हा हार घातला होता. रांगेत बायका भांडू नयेत म्हणून मला लावत. मग त्या कुठलं स्टेशन लावायचं यावरून भांडू लागल्या. पुढे गावात टीव्ही आला आणि माझ्या डोक्यावर धुतलेली मापं वाळत घातली जाऊ लागली. माझी पाठ फुटली, तिला पुठ्ठा लावून सायकलच्या ट्यूबनं आवळलं. तरी आवाज खणखणीत आहे हो.

आमच्या गावाची एक रीत आहे. अर्धं गाव ऊस तोडायला परमुलखात जातं. तिथली भांडणं गावात आणायची नाहीत. परतताना वेशीवर नारळ फोडायचा आणि विसरायचं. कुणी कुणाच्या बैलाचा चारा पळवला, कुणी शिवी दिली, त्याला ही रीत बरी. पण गेल्या हंगामात धडधाकट गेलेला बद्रीनाथ लंगडत आला. सगळे म्हणाले, गाडीवरून पडला. त्याची बायको जानकीबाई काहीच म्हणाली नाही. नारळ टोळी नेणाऱ्या मुकादम सुंदररावांनी स्वतःच्या हातानं फोडला.

त्याच सुंदररावांना सोसायटीचे चेअरमन करायची सभा होती. बिनविरोध. माणसं जमेपर्यंत मला लावलं आणि मी बातमी सांगितली. एका देशाचा जुना सत्ताधीश उपचाराला दुसऱ्या देशात गेला, तिथं त्याला अटक झाली. तीही तिसऱ्याच देशाच्या न्यायाधीशाच्या सांगण्यावरून.

“दवाखान्यात गेलता अन् धरला?”

“आपरेशन तरी होऊ दिलं का?”

सभा हसली. सुंदररावही हसले. “त्याच्या मुलखात त्यानं कायबी केलं आसंल. ह्या परक्यांचा काय संबंध?”

मी बोलतच होतो. त्या सत्ताधीशावर लोकांचा छळ केल्याचा आरोप होता. माणसाचा छळ हा इतका मोठा गुन्हा, की तो कुठंही घडला तरी कुठल्याही देशाला त्याचा न्याय करता यावा, असं कायद्याची जाणती माणसं म्हणतात.

हसू थांबलं. कुणीच बद्रीनाथकडे बघेना.

“बंद कर बे त्ये,” सुंदरराव म्हणाले.

उत्तरेश्वरांचा हात माझ्या बटणावर आला आणि तिथंच थांबला. मित्रांनो, मला पुसा, जपा, असं मी रोज मनात म्हणतो. पण त्याहून मोठी विनवणी ही, की कुणी बोलत असेल तर बटण फिरवायची घाई करू नका.

कारण तेवढ्यात जानकीबाई उठली. पदर खोचला.

“कुठं झालं ते सोडा, भावजी. काय झालं ते सांगते. ह्यांना तुमी खोलीत कोंडून हानलं. ह्यांचा पाय तुमी मोडला.”