कार्डांचं मखर

"पडूनच होती गं डब्यात. भोकं पडलेले पुठ्ठे, कोणाच्या कामाचे?" कुसुमावतींनी खळीचे हात पदराला पुसले.

गौरींच्या मागे विद्युल्लताची कार्डं पंख्यासारखी डकवलेली होती. मागे समई ठेवल्यामुळे भोकाभोकांतून उजेड येत होता. त्या भोकांत तिचं गणित लिहिलेलं होतं; ज्या क्रमानं कार्डं संगणकात घालायची, तो क्रम आता सासूबाईंच्या नक्षीत गेला होता.

"मंगळवारी इंदूरला मशीनवर वेळ मिळणारे मला," विद्युल्लता म्हणाली. "मी नाही गेले तर सर हे काम दुसऱ्या कोणाला देतील."

"कसलं गं काम?" शेजारच्या शशिकलाबाईंनी विचारलं.

"प्रोटॉनच्या पोटात क्वार्क असतात. ते कसे हलतात, ते मशीनवर हिशेबानं उभं करून बघायचं."

"पाहिलेत कोणी?" सासरे दत्तोपंत. मराठी समाजाच्या वाचनालयात रोज दोन पेपर चाळून ते सर्वज्ञ झाले होते.

"दिसत नाहीत ते. एकेकटे बाहेरही येत नाहीत, म्हणून तर..."

"दिसत नाहीत, बाहेर येत नाहीत. आमच्या काळी सुना अशा असत."

शशिकलाबाई पोट धरून हसल्या. विद्युल्लतानं नवऱ्याकडे पाहिलं.

"बसलेल्या गौरींचं मखर उचकटायचं का आता?" शरद म्हणाला. "बुधवारी विसर्जन झालं की घे. मशीन काय पळून जाणारे का?"

स्वतःच्या कारखान्यातलं लेथ मशीन तासभर बंद पडलं तर या माणसाला जेवण जात नसे.

विसर्जनानंतर तरी काय घेणार? कुसुमावतींची खळ घट्ट होती. कार्डं फाटतील, निघणार नाहीत.

मंगळवारी इंदूरची बस गेली तेव्हा ती पुरणाला चटका देत होती. संध्याकाळी हळदीकुंकवाला आलेल्या बायका मखरापुढून हलेनात. "काय कला आहे हो कुसुमताईंच्या हातात!" कुसुमावती लाजल्या. डब्यातली कार्डं सुनेची होती, हे सांगायचं त्यांना सुचलं नाही.

आरती सुरू झाली. विद्युल्लताची दहा महिन्यांची लेक बकुळा तिच्या कडेवर होती. ज्योत हलली की समोरच्या भिंतीवरचे उजेडाचे ठिपके थरथरत. बकुळानं एकावर झडप घातली, मूठ आवळली, उघडून पाहिली. काहीच नाही. पुन्हा झडप.

विद्युल्लता तिला घेऊन भिंतीच्या आणखी जवळ सरकली.

"हं," ती हळूच म्हणाली, "परत बघ."