तारीखबाई

कोर्टातले सगळे ज्युनियर तिला तारीखबाई म्हणत. वकील झाल्यापासून न्यायाधीशांपुढे तिच्या तोंडून एकच वाक्य निघालं होतं, "सर दुसऱ्या कोर्टात आहेत, पुढची तारीख मिळावी." सर बहुतेक वेळा चेंबरमध्ये पंख्याखाली असत.

पगार नव्हता. शिकणाऱ्याला कसला पगार, असं सर म्हणत, तेही इतक्या मायेनं की मागणाऱ्यालाच लाज वाटावी. मग मंदी आली. कारखान्यांना टाळं लागलं, दुकानांवरच्या पाट्या उतरल्या, नवे खटले आटले. "थोडी कळ काढ, बाळ. घेतोच तुला पगारावर," सर म्हणाले. या भरवशावर आईनं शेजारणीलाही सांगून टाकलं होतं, लेक लागली हो नोकरीला.

त्या सकाळी सरांनी शिवणवाल्या मावशींची फाइल पुढे सरकवली. "तारीख घेऊन ये."

मावशींच्या दुकानाला जागेच्या मालकानं परस्पर कुलूप ठोकलं होतं. नोटीस नाही, हुकूम नाही. मशीन आत, गिऱ्हाइकांचे कपडे आत, मावशी बाहेर. या खटल्यातली प्रत्येक तारीख हिनंच मागून आणलेली.

"सर, आज ऐकतील. मी सगळं वाचलंय. मालकाकडे साधा कागद नाही, आजच कुलूप निघेल."

"म्हणूनच तर!" सर हसले. "बरे दिवस असले की खटले संपवायचे. असल्या दिवसांत पुरवून वापरायचे, तारखेगणिक फी येते. चेंबर चालली तर तुझा पगार निघेल ना? तारीख आण, उद्यापासून तू पगारावर."

म्हणजे मावशींच्या कुलपातून तिचा पगार निघणार होता. तिचे कान तापले. तरी फाइल उचलून ती गेली. दोन वर्षांनी हाताशी आलेलं कोण सोडतं?

मावशी मागच्या बाकावर बसल्या होत्या. हातांना रिकामं बसायची सवय नव्हती. ते बाहीची कड दुमडत होते, उलगडत होते.

"पोरी, आज निघेल ना गं?"

"बघू, मावशी."

पुकारा झाला. "तारीखच ना?" न्यायाधीशबाईंनी पेन उचललंसुद्धा. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

ते वाक्य पाठ झालेल्या पालुपदासारखं ओठांवर आलं. तिनं ते गिळलं.

"नाही. वकीलपत्रावर माझंही नाव आहे. मी तयार आहे."

मालकाच्या बाजूचा ज्युनियर ताडकन उठला. "पण... आमचे सर दुसऱ्या कोर्टात आहेत!" त्यानं फाइलसुद्धा आणली नव्हती. आणायची कशाला? तारीख तर तारीखबाई घेणार होती!

मालकाकडे ना नोटीस ना हुकूम, हे तिनं मांडलं. ज्या हातांनी अख्ख्या गल्लीचे कपडे शिवले, त्या हातांना कुठल्या कायद्यानं बाहेर काढलं, असं तिनं विचारलं. संध्याकाळच्या आत कुलूप काढा, असा हुकूम झाला. मावशींनी तिचा चेहरा ओंजळीत धरला आणि त्या दुकानाकडे पळाल्या.

चेंबरमध्ये सर ओरडले नाहीत. "तुझी झेप मोठी, बाळ. माझी चेंबर लहान. उद्यापासून येऊ नकोस."

"झेप कसली, सर? माझं काम केलं मी! मालकानं बाहेरून कुलूप लावलं, आपण त्यावर आपलं लावलं. आणि किल्ली फिरवायला मला ठेवलंत, तेही फुकट!"

"दार लावून घे जाताना," सर म्हणाले.

जिन्यात एक मुलगी उभी होती. कोट नवा, घडीच्या रेघासुद्धा मोडल्या नव्हत्या.

"ताई, वर ज्युनियरची जागा आहे का?"

"आत्ताच रिकामी झाली. पगार देत नाहीत."

"चालेल."

"चालेल काय? तुम्ही-आम्ही चालेल म्हणतो, म्हणून यांचं चालतं!" तिचा आवाज जिनाभर घुमला.

मुलगी दचकली. खालच्या पायरीकडे पाहिलं, वरच्या दाराकडे पाहिलं. "घरी सांगून बसलेय हो, ताई," ती पुटपुटली आणि अंग चोरून वर गेली.

वर सरांचा आवाज आला, मायेनं ओथंबलेला, "ये, बाळ."