उजवीकडची खुर्ची

दुसऱ्याच्या तोंडातला शब्द ओढून घ्यायची खोड त्या पोरीला पहिल्यापासूनच होती. रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीवर बसायची. पेशंटनं "पोटात" म्हणेपर्यंत ही "दुखतंय, कालपासून" असं लिहूनही मोकळी! सगळे तिला रेडिओ म्हणत. तिला त्याचाही अभिमान.

त्या वर्षी हुकूम निघाला. कामगारांनी परमुलखातून येणाऱ्या पेशंटांची भाषा शिकायची. तोंडी परीक्षेत पास होईल तो कायम, नापास होईल तो घरी. ड्युटी संपली की जेवणघरात वर्ग भरू लागला. शिकवणाऱ्या बाई चौघाचौघांचे गट करत, चित्र देत आणि सांगत, "प्रत्येकानं दोन-दोन वाक्यं बोला."

रेडिओच्या गटात एक पहारेकरी, धुलाईखान्यातली एक विधवा आणि रेडिओची सख्खी आत्या. ही आत्या तिथली मुख्य स्वयंपाकीण. विधवेच्या दोन लेकी शाळेत होत्या, घरात कमावणारं दुसरं कुणी नाही.

विधवा सुरुवात करायची, "ही बाई... पलंगावर..."

"पलंगावर झोपली आहे, तिला ताप आहे, नर्स औषध देते!" रेडिओ एका दमात. वर टोमणा, "अगं, चादर पिळतेस का वाक्य? थेंब थेंब नुसता!"

पहारेकरी खो खो हसायचा. आत्याही हसायची, खोटं कशाला बोला! लांबून बाईंना वाटे, गटाचा आवाज येतोय म्हणजे सगळेच बोलतायत.

विधवेनं शरमेवर उपाय काढला. दोन शब्द बोलायचे आणि उजवीकडे रेडिओकडे बघायचं. पुढचं वाक्य आपोआप यायचं.

परीक्षा मात्र एकेकाची होती. दार उघडं, बाकीचे बाहेर बाकावर. परीक्षकानं चित्र पुढं ठेवलं.

"ही बाई..." विधवा म्हणाली, आणि सवयीनं उजवीकडे बघत थांबली.

उजवीकडे रिकामी खुर्ची होती. परीक्षक थांबला, तीही थांबली. खुर्ची काय बोलणार! त्यानं कागदावर रेघ ओढली.

फेरपरीक्षा महिन्यानं, तोवर कामही नाही आणि पगारही नाही. विधवा पिशवी उचलून निघून गेली.

"मी होते म्हणून वर्गात तरी टिकली," आधीच पास झालेली रेडिओ बाकावरून म्हणाली. "एवढी मदत केली, पण डोकंच नाही तिला!"

"मदत?" आत्या ताडकन उठली. "महिनाभरात तिला एक वाक्य तरी पुरं करू दिलंस? बाहेर बसून मी मोजत होते, एकही आठवेना! रोज मध्ये तोंड घालून तू तिला मुकी केलीस. आणि मी दात काढत बसले!"

रेडिओचा चेहरा उतरला. मग रडत म्हणाली, "आत्या, मी रोज तिच्या घरी जाते. सगळं शिकवते. सगळी वाक्यं पाठ करून घेते."

लोकहो, बघा! पश्चात्ताप झाला तरी तोंड पुन्हा हिचंच चालणार!

"तू काही शिकवायचं नाहीस," आत्या म्हणाली. "समोर बसायचं आणि ऐकायचं. एका वाक्याला तिला पाव तास लागला तर पाव तास गप्प. मीही बसेन, हसले त्याची शिक्षा म्हणून. ज्याचं वाक्य त्यालाच पुरं करू द्यावं, एवढीशी माणुसकी तुला आली नाही. त्या साहेबानं तुला पास केलं असेल, पण माझ्याकडून तू नापास!"